नागपूरच्या तळ्याकाठी : माशाच्या पोटातली शेती

मंडळी, खेड्यातला माणूस नागपूरला येतो तो कामापुरता. कोणी कळमन्याला संत्री, सोयाबीन घेऊन येतो, कोणी मेडिकलला दुखणाईत माणूस घेऊन येतो, कोणी कोर्टाच्या तारखेला, तर कोणी दसऱ्याला दीक्षाभूमीवर. काम उरकले की बर्डीवर चहा घ्यायचा, पोरांसाठी संत्राबर्फी बांधून घ्यायची आणि शेवटची एसटी गाठायची. नागपूर पाहायचे राहून जाते.

पण ज्यांच्या शेतात शेततळे आहे, बांधाला बोडी आहे किंवा गावच्या तलावाच्या सोसायटीत ज्यांचे नाव आहे, त्यांना माझे सांगणे आहे की पुढच्या खेपेला एक दिवस हाताशी ठेवून या. मासे पाळणाऱ्याला या शहरात आणि त्याच्या आसपास पाहण्यासारखे, शिकण्यासारखे बरेच आहे.

हे आत्ताच सांगण्याला कारण आहे. हल्ली खेडोपाडी एक नवी पुडी फिरते आहे. तिच्यावर माशाचे चित्र असते आणि ‘प्रीबायोटिक’ असा शब्द असतो. विकणारा म्हणतो, ही खाद्यात घाला, माशाच्या पोटातले चांगले जिवाणू वाढतील, मासा लवकर भरेल, रोग येणार नाही. सभेला गेलो की कोणी ना कोणी विचारतेच, “साहेब, घ्यावी का ही पुडी?” हो किंवा नाही असे एका शब्दात उत्तर देता येत नाही. म्हणून म्हटले, चला, एक दिवस माझ्याबरोबर फिरा. उत्तर तुमचे तुम्हालाच सापडेल.

पहाटे भोईपुऱ्यात

पहिला मुक्काम गणेशपेठेतला भोईपुऱ्याचा मासळीबाजार. इथे यायचे तर पहाटेच यावे. बर्फाच्या पेट्या उतरत असतात, बोली चालू असते, पायाखाली चिखल असतो. धोतर वर खोचून उभे राहा आणि माल बघा. पेट्यांतला बराचसा रोहू-कटला आंध्रातून आलेला असतो. आपल्या विदर्भात एवढे तलाव असून नागपूरच्या ताटात आंध्राचा मासा, ही गोष्ट प्रत्येक तळेवाल्याने एकदा डोळ्यांनी पाहावी. बाजार आहे, गिऱ्हाईक आहे, कमी आहे ती आपल्या मालाची.

पण मी तुम्हाला इथे आणले ते दुसऱ्या कामासाठी. मासे कापून देणाऱ्या बाईपाशी दोन मिनिटे थांबा. तिने रोहूचे पोट फाडले की आतून काय निघते ते बघा. दोऱ्याच्या गुंडीसारखे गुंडाळलेले, लांबच लांब आतडे. ते सरळ केले तर माशाच्या अंगाच्या कित्येक पट भरते. आता शेजारी मरळ कापली जात असेल तर तिचे पोट बघा. तिला जठराची पिशवी आहे आणि आतडे आखूड आहे. मरळ दुसरे मासे खाते, तिला एवढ्या लांब आतड्याची गरज नाही. रोहू, कटला, मृगळ या आपल्या कार्प जातींना मात्र जठरच नसते. तोंडातून गेलेले अन्न थेट आतड्यात जाते. शेवाळ, कुजका पाला, धानाचा कोंडा, ढेप, जे काही जिरायचे ते त्या लांब नळीतच.

आणि ही नळी मोकळी नसते. तिच्यात कोट्यवधी जिवाणू राहतात. काही आपल्या बाजूचे गडी. ते न पचणारे अन्न आंबवून त्याचा उपयोग करून देतात, वाईट जिवाणूंना जागा मिळू देत नाहीत. कार्प माशांच्या आतड्यात राहणारी एक जात तर बी-१२ हे जीवनसत्त्वही तयार करते. काही जिवाणू मात्र दबा धरून बसलेले चोर. एरोमोनास नावाचा जिवाणू तळ्याच्या पाण्यात नेहमीच असतो. मासा धडधाकट असेल तोवर तो गप्प असतो. मासा थकला, पाणी बिघडले की हा उठतो, मग अंगावर लाल चट्टे, जखमा, फुगलेली पोटे दिसू लागतात.

म्हणजे शेतातल्या मातीसारखेच हे झाले. तुमच्या मातीत चांगले जिवाणू आहेत आणि मर रोगाची बुरशीही आहे. कोणाचे राज्य चालेल ते तुम्ही मातीला काय खाऊ घालता त्यावर ठरते. माशाच्या आतड्याचेही तसेच.

फुटाळ्याच्या पाळीवर

ऊन वर आले की बर्डीहून सिव्हिल लाइन्समार्गे तेलंगखेडीकडे निघू. भोसल्यांच्या काळातला हा तलाव, लोक त्याला फुटाळा म्हणतात. संध्याकाळी इथे शहरातली तरुण मंडळी कणसे खायला येतात. आपण सकाळी आलो आहोत, पाळीवर निवांत बसू. जवळच तेलंगखेडीला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. ते महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे, आणि २००० साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे मुख्य कार्यालयही याच फुटाळा तलावाच्या रस्त्यावर आहे. ज्यांची मुले बारावी विज्ञानाला आहेत त्यांनी हा पत्ता मनात ठेवावा. माशांचे शिक्षण घ्यायला समुद्रकाठीच जावे लागते असे नाही.

आता त्या पुडीतला शब्द समजून घेऊ. दोन शब्द आहेत, आणि विकणारे ते एकमेकांत मिसळतात. एक प्रोबायोटिक, दुसरा प्रीबायोटिक.

तुम्ही तुरीच्या, सोयाबीनच्या बियाण्याला रायझोबियम लावता. म्हणजे जिवंत जिवाणूच शेतात नेऊन सोडता. हे प्रोबायोटिक. दुधाला विरजण लावणे म्हणजेही तेच. प्रीबायोटिकचे तसे नाही. त्यात जिवंत काही नसते. ते आतड्यात आधीपासून असलेल्या चांगल्या जिवाणूंचे खाद्य असते. शेणखत टाकले की मातीतले जिवाणू वाढतात ना, तसे. हा शब्द शास्त्रात रूढ झाला १९९५ साली, आणि तोही आधी माणसाच्या पोटासाठी. माशांवरचे प्रयोग पुढे वाढले.

हे खाद्य म्हणजे काही खास जातीच्या साखरी. गोड लागतीलच असे नाही. माशाच्या पाचकरसाने त्या फुटत नाहीत, म्हणून आतड्यात न पचता पुढे जातात. तिथले चांगले जिवाणू त्या आंबवतात आणि त्यातून सौम्य आम्ले तयार होतात. त्या आम्लांवर आतड्याचे अस्तर पोसले जाते, आणि तशा आंबूस जागेत बरेच वाईट जिवाणू टिकत नाहीत. इन्युलिन ही अशीच एक साखर. ती चिकोरीच्या मुळात भरपूर असते. हो, कॉफीच्या पुडीत मिसळतात तीच चिकोरी. आपल्या लसणातही ती चांगली असते, कांद्यात त्याहून कमी.

दुसरा माल येतो यीस्टच्या पेशीच्या सालीतून. पाव फुगवायला बेकरीवाला घालतो तेच यीस्ट. त्याच्या सालीत दोन द्रव्ये असतात. एकाला ‘मॉस’ म्हणतात. काही वाईट जिवाणू आतड्याच्या भिंतीला केसाळ हातांनी चिकटतात, त्यांना हे मॉस मध्येच सापडते. ते भिंत सोडून त्यालाच चिकटतात आणि विष्ठेबरोबर बाहेर पडतात. काटेरी गोखरू धोतराला चिकटून शेताबाहेर जाते तसे. दुसरे द्रव्य बीटा-ग्लुकान. ते माशाच्या रोगप्रतिकारक पेशींना जागे ठेवते. चोर यायच्या आधीच कुत्रे भुंकले तर काय वाईट?

एवढे ऐकून कोणी म्हणेल, मग घेऊनच टाकू. जरा थांबा. प्रयोगांत सगळीकडे सारखाच गुण आलेला नाही. एका जातीच्या माशाला फायदा झाला, दुसऱ्या जातीला काही फरक पडला नाही, असेही घडले आहे. अति केले तर नुकसानही होते. थंड पाण्यातल्या एका माशाला खाद्यात शेकडा १५ भाग इन्युलिन दिले तेव्हा त्याच्या आतड्याच्या पेशींना इजा झाल्याचे २००१ साली प्रसिद्ध झाले आहे. बहुतेक प्रयोगांत मात्रा असते ती किलोभर खाद्याला २ ते १० ग्रॅम. चिमटीचा मामला आहे, ओंजळीचा नाही.

आपल्या रोहूवरही काम झाले आहे. रोहूच्या बोटुकल्यांना किलोभर खाद्यात १, ५ आणि १० ग्रॅम लसूण देऊन मग एरोमोनासची लागण केली, तेव्हा लसूण खाल्लेल्या बोटुकल्या न खाल्लेल्यांपेक्षा जास्त तगल्या. हा प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. लसणात इन्युलिनच्या जातीची साखर आहे तसे त्याचे उग्र वासाचे द्रव्यही आहे, तेव्हा सगळे श्रेय एकाला देता येणार नाही. पण घरच्या वाफ्यातली वस्तूही अशा कामाची असू शकते, एवढे त्यातून दिसते.

रामटेकच्या वाटेवर

दुपारच्या आत रामटेकची गाडी धरू. कामठी, मनसर करत सुमारे पन्नास किलोमीटरचा रस्ता. गडावर रामाचे दर्शन घ्या, पायथ्याच्या अंबाळ्याच्या पायऱ्यांवर बसा, वेळ असला तर खिंडसी तलावापर्यंत जा. डोंगरांच्या कुशीतले ते पाणी पाहून माणूस घटकाभर चिंता विसरतो.

कालिदासाचा यक्ष ज्या रामगिरीवर राहिला तो हाच, असे अनेक विद्वान मानतात. आषाढाचा मेघ पाहून त्याला घरची आठवण झाली. तळेवाल्याला मात्र मेघ पाहून धास्ती वाटते. पाण्यातले हिरवे शेवाळ उन्हात प्राणवायू तयार करते आणि रात्री तोच वापरते. चार दिवस आभाळ दाटून राहिले की तयार होणे थांबते, वापरणे चालूच राहते. मग पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. शहरातल्या तलावांत मेलेले मासे तरंगल्याच्या बातम्या तुम्ही वाचता, त्यामागेही पुष्कळदा प्राणवायूच संपलेला असतो. अशा वेळी आतड्यातले गडी काय करणार? गोठ्याला आग लागली असताना बैलाला टॉनिक पाजण्यासारखे ते आहे.

दुसरी गोष्ट आपल्या हवेची. मेमध्ये इकडे पारा ४५ अंशांवर जातो, डिसेंबर-जानेवारीत रात्री कधी ८-१० अंशांवर येतो. माशाचे अंग पाण्याइतकेच गरम किंवा थंड असते. पाणी गार पडले की त्याची भूक मरते, पचन मंदावते, आतड्यातले जिवाणूही बदलतात. म्हणून माशाच्या पोटाची काळजी घ्यायची वेळ म्हणजे ऋतू पालटण्याची, आणि दुसरी म्हणजे बोटुकली आणून सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे. पिल्लाच्या पोटात पहिले जिवाणू जातात ते पाण्यातून आणि खाद्यातून. घर नवे, पाणी नवे, प्रवासाचा शीण वेगळा. तेव्हा दिलेला चिमूटभर आधार वर्षभर दिलेल्या मूठभर आधारापेक्षा मोलाचा.

रामटेकच्या पूर्वेला भंडाऱ्याकडे सरकले की मामा तलावांचा मुलूख लागतो. मामा म्हणजे माजी मालगुजारी. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने बांधलेले हे तलाव भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत हजारोंनी आहेत, आपल्या नागपूर जिल्ह्यातही आहेत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. ढिवर बांधव पिढ्यान् पिढ्या त्यात मासेमारी करत आले आहेत.

अशा तलावातला रोहू काय खातो? शेवाळ, पाणवनस्पतींवर जमलेला थर, पाण्यातले सूक्ष्म किडे, गाळातले कुजके सेंद्रिय. त्याच्या जिवाणूंना हवे ते त्याला तलावच देतो. भंडारा जिल्ह्यात ढिवर बायांनी काही तलावांत माजलेली बेशरम उपटून जुन्या पाणवनस्पती पुन्हा लावल्या आहेत. माशांना त्यातून चारा मिळतो, आसरा मिळतो. माझ्या मते माशाच्या पोटासाठी याहून मोठे काम कोणती पुडी करणार नाही. आणि ज्या तलावात आपण खाद्यच टाकत नाही, तिथे प्रीबायोटिक पाण्यात ओतणे म्हणजे नदीत साखर टाकून सरबताची वाट पाहणे.

शेततळ्याची गोष्ट निराळी. मागेल त्याला शेततळे ही योजना २०१६ साली आली आणि गावोगाव तळी झाली. ज्याला प्लास्टिकचा कागद अंथरला आहे, त्याला गाळ नाही, वनस्पती नाहीत. मासे दाट सोडलेले असतात आणि पोट सगळे पोत्यातल्या खाद्यावर असते. इथे माशाच्या आतड्यात काय जाणार ते सर्वस्वी तुमच्या हातात आहे. पुडीचा उपयोग होण्यासारखा असेल तर तो इथे. म्हणून पहिला प्रश्न पुडी चांगली की वाईट हा नाही. पहिला प्रश्न, तुमचे पाणी कोणत्या जातीचे, मामा तलावाचे की प्लास्टिकचे?

घरी परतल्यावर

आता घरी जाऊन काय करायचे ते सांगतो. आधी पाणी. सकाळी कोपरापर्यंत हात पाण्यात घाला. तळवा अजिबात दिसेनासा झाला तर शेवाळ फार झाले, खाद्य आणि शेण दोन्ही थांबवा. मासे पहाटे वर तोंड काढत असतील तर त्या दिवशी खाद्य देऊ नका, पंप लावून पाणी उंचावरून पाडा.

मग खाद्याचे माप. कोंडा आणि ढेप मुठीने फेकू नका. टोपलीत किंवा भोके पाडलेल्या पोत्यात भरून बांबूला टांगा. हे काम बहुधा घरातली माउलीच करते, म्हणून तिलाच सांगतो. दोन तासांनी टोपली वर घेऊन बघा. शिल्लक राहत असेल तर दुसऱ्या दिवशी कमी करा. न खाल्लेले खाद्य तळाशी कुजते आणि एरोमोनासला आयतीच मेजवानी मिळते.

एवढे झाले असेल तरच पुडीचा विचार करा, आणि हिशेब मांडा. समजा तळ्यात २०० ग्रॅमचे हजार मासे आहेत, म्हणजे वजन २०० किलो. वजनाच्या शेकडा दोन या मापाने रोज ४ किलो खाद्य लागेल, महिन्याला १२० किलो. किलोला ५ ग्रॅम पुडी म्हणजे महिन्याला ६०० ग्रॅम. पुडी समजा ८०० रुपये किलो असेल तर खर्च ४८० रुपये. खाद्य ४० रुपये किलोने धरले तर १२० किलोचे ४,८०० रुपये होतात. म्हणजे त्या पुडीने १२ किलो खाद्य वाचवले किंवा तेवढ्या मोलाचा मासा जास्त भरला, तरच खर्च निघाला. त्यापुढे जे येईल तो नफा. भाव तुमच्या गावचे घाला, रीत हीच ठेवा.

दोन तळी असतील तर एकातच वापरा. एकच असेल तर आधी एक महिना पुडीशिवाय आणि मग एक महिना पुडीसह अशी नोंद ठेवा. मात्र थंडीचा महिना आणि पावसाळ्याचा महिना यांची तुलना करू नका. दर पंधरा दिवसांनी जाळे टाकून वीस-पंचवीस मासे धरा, वजन करा, वहीत लिहा. शाळेत जाणाऱ्या पोरीला हे काम द्या, ती चोख करेल. पुडी खाद्याला लावताना भाताच्या पातळ पेजेत कालवून गोळी खाद्यावर शिंपडा आणि सावलीत वाळवा. नुसती भुकटी पाण्यात विरघळून जाते. पाकिटावर आत काय आहे, किती आहे, मुदत कधीची, हे छापलेले नसेल तर ते पाकीट दुकानातच ठेवा.

शेवटी एक सावधगिरीची गोष्ट. मासे मरू लागले की काही जण औषधाच्या दुकानातून माणसांच्या कॅप्सूल आणून खाद्यात घालतात. असे करू नका. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांसारखी औषधे मत्स्यपालनात वापरायला आपल्या देशात बंदी आहे. ही औषधे चोराबरोबर आतड्यातल्या चांगल्या गड्यांनाही मारतात. औषधाला सरावलेले जिवाणू मात्र मागे उरतात, आणि त्याच तळ्यावर तुमची म्हैस पाणी पिते, तुमची मुले डुंबतात. युरोपातल्या देशांनी जनावर वाढवण्यासाठी खाद्यात अँटिबायोटिक घालणे २००६ पासून बंद केले. प्रीबायोटिककडे जगाचे लक्ष वळले त्याचे एक मोठे कारण हेच. औषधाने मारण्यापेक्षा पोटातले मित्र पोसावेत, हा विचार चांगलाच आहे. फक्त तो पुडीपासून सुरू होत नाही, पाण्यापासून सुरू होतो.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी नागपूरला याल तेव्हा भोईपुऱ्यातली बोली ऐका, फुटाळ्याच्या पाळीवर टेका, महाविद्यालयात जाऊन तळ्याचे दोन प्रश्न विचारा. जाताना बाटलीत तळ्याचे पाणी आणि वहीत माशांची वजने घेऊन जा. रिकाम्या हाताने गेलेल्याला मोघम उत्तर मिळते, वही घेऊन गेलेल्याला नेमके.